ब्रॉडबँड विक्रीतील फसवी आश्वासने : नवी जोडणी रद्द करण्याचा कायदेशीर मार्ग

नवी दिल्ली : घरी ब्रॉडबँडची जोडणी घेताना दिलेले आश्वासन एक आणि प्रत्यक्ष मिळालेली सेवा दुसरी, अशी तक्रार घेऊन ग्राहक कंपनीकडे जातो, तेव्हा त्याला बहुधा ठरावीक उत्तर मिळते : ‘योजना सुरू झाली आहे, आता पैसे परत मिळणार नाहीत.’ सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे शुल्क आगाऊ भरलेल्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नसते. मात्र वकील लावून भांडावे इतकी मोठीही नसते. त्यामुळे असंख्य ग्राहक मुकाट्याने ती सोडून देतात. वस्तुतः कंपनीचे हे उत्तर कायद्याचा अंतिम शब्द नव्हे. खोट्या आश्वासनावर घेतलेली संमती मागे घेण्याचा आणि पैसे परत मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. मात्र हा अधिकार आपोआप अमलात येत नाही. तो वेळेत, लेखी आणि पुराव्यासह बजावावा लागतो.

मन बदलणे आणि दिशाभूल होणे

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये दूरध्वनीवरून, ऑनलाइन किंवा दारावर झालेल्या बहुतेक करारांतून कोणतेही कारण न देता माघार घेण्यासाठी ग्राहकाला १४ दिवस मिळतात. भारतात विमा पॉलिसीसाठी अशी ‘फ्री-लूक’ मुदत आहे. ब्रॉडबँडसाठी मात्र अशी सर्वसाधारण मुदत कोणत्याही कायद्यात नाही. काही कंपन्या स्वतःच्या अटींमध्ये ठरावीक दिवसांत पैसे परत करण्याची हमी देतात. ती असल्यास प्रथम तीच वापरावी.

अशी हमी नसेल, तर ‘मला आता जोडणी नको’ एवढे म्हणणे पुरेसे ठरत नाही. ‘मला अमुक सांगण्यात आले, त्यावर विसंबून मी होकार दिला आणि ते खोटे निघाले’ असे म्हणावे लागते. पहिल्या वाक्यात केवळ इच्छा आहे, दुसऱ्यात कायदेशीर कारण आहे. ग्राहकाची बाजू भक्कम की लंगडी, हे या फरकावर ठरते.

दिशाभूल नेमकी कोणती?

प्रत्येक अपेक्षाभंग म्हणजे फसवणूक नसते. योजनेतील १०० एमबीपीएस हा वेग ‘मेगाबिट’मध्ये असतो आणि संगणकावर फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा ‘मेगाबाइट’मध्ये असतो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतील. तसेच भिंतीआडच्या खोलीत वाय-फायवर मिळणारा वेग राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावरील वेगापेक्षा कमी असतो. म्हणून वेगाची तक्रार करण्यापूर्वी केबल जोडून, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, सलग काही दिवस चाचणी घ्यावी आणि प्रत्येक चाचणीचे तारीख-वेळ दिसणारे छायाचित्र जपून ठेवावे.

खरी दिशाभूल वेगळी असते. तिची नेहमी आढळणारी रूपे अशी :

१. इमारतीपर्यंत फायबर पोहोचलेले नसताना ‘फायबर जोडणी’ म्हणून नोंदणी करून घेणे किंवा दोन दिवसांत जोडणी देण्याचे सांगून आठवडे उलटू देणे.

२. ‘अमर्याद डेटा’ असे सांगताना ठरावीक वापरानंतर वेग घटतो, हे दडवणे. डेटाची मर्यादा किती, त्या मर्यादेपर्यंत वेग किती आणि त्यानंतर किती, हे स्पष्ट जाहीर करण्याचे निर्देश भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, कंपन्यांना दिलेले आहेत.

३. दरमहा ५९९ रुपये सांगून १८ टक्के वस्तू व सेवा कराचा उल्लेख टाळणे. करासह ही रक्कम ७०६.८२ रुपये होते आणि सहा महिन्यांचे देयक ४,२४०.९२ रुपयांवर जाते.

४. ‘मोफत’ म्हटलेली जोडणी किंवा राउटर प्रत्यक्षात दीर्घ मुदतीच्या अटीवर असणे. मुदतीपूर्वी सेवा बंद केल्यास तेच शुल्क वसूल होणे.

५. योजनेत चित्रपट-मालिकांची अमुक सेवा समाविष्ट असल्याचे सांगणे आणि प्रत्यक्षात ती न देणे किंवा काही आठवड्यांनंतर काढून घेणे.

६. ‘केव्हाही बंद करा, उरलेले पैसे परत मिळतील’ असे तोंडी सांगणे आणि अर्जातील बारीक अक्षरांत नेमके त्याच्या उलट छापलेले असणे.

तोंडी आश्वासनही मोजले जाते

‘आमच्या अटींमध्ये तसे लिहिलेले नाही’ असे सांगून कंपनी अनेकदा हात झटकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘अनुचित व्यापारी प्रथे’च्या व्याख्येत मात्र सेवेच्या दर्जाविषयी केलेले खोटे विधान येते, मग ते लेखी असो वा तोंडी. याच कायद्याने सेवेच्या व्याख्येत दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. सदोष सेवा बंद करून तिचे पैसे देयकात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत करण्यास नकार देणे हीदेखील या व्याख्येनुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दुसरा आधार दीडशे वर्षांहून जुना आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार कपटाने किंवा चुकीच्या निवेदनाने मिळवलेल्या संमतीवर झालेला करार, ज्याची संमती तशी घेतली गेली त्या पक्षाला रद्द करता येतो. विक्री करणारा कंपनीचा नोकर नसून बाहेरचा प्रतिनिधी किंवा स्थानिक केबलचालक होता, ही सबबही सहज टिकत नाही. त्याच कायद्याच्या कलम २३८ नुसार, प्रतिनिधीने मालकाच्या वतीने कामकाज करताना केलेले चुकीचे निवेदन मालकाने स्वतः केल्यासारखेच परिणामकारक ठरते.

या अधिकाराला एक मर्यादा आहे आणि कंपन्यांचा बचाव बहुधा तिच्याच आधारे उभा राहतो. चुकीचे निवेदन झाले असले, तरी सामान्य तत्परतेने सत्य शोधण्याचे साधन ग्राहकाकडे उपलब्ध असेल, तर करार रद्द करता येत नाही. ‘सर्व अटी संकेतस्थळावर होत्या’ हे उत्तर येथून येते. मात्र हा अपवाद चुकीच्या निवेदनाला आणि गप्प राहून केलेल्या कपटाला लागू आहे. जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्या गोष्टीला तो लागू नाही. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील तळटीप मूळ दाव्याशी विसंगत असू शकत नाही. ठळक अक्षरांत ‘अमर्याद’ छापून बारीक अक्षरांत मर्यादा घालणे या तत्त्वात बसत नाही.

ऑनलाइन नोंदणी केली असल्यास नोव्हेंबर २०२३ मधील ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वेही उपयोगी पडतात. त्यांत १३ प्रकारच्या फसव्या रचना निषिद्ध ठरवल्या आहेत. ग्राहकाच्या नकळत जादा सेवा जोडणे, खरी किंमत अखेरच्या टप्प्यावर उघड करणे, खोटी घाई निर्माण करणे आणि सदस्यत्व रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणे, हे त्यांपैकी काही प्रकार होत.

जोडणी कोणत्या टप्प्यावर आहे?

अर्ज केला, पण जोडणी झाली नाही : हा ग्राहकासाठी सर्वांत सोयीचा टप्पा. ग्राहकाचा अर्ज हा कायद्याच्या भाषेत बहुधा ‘प्रस्ताव’ असतो आणि तो स्वीकारल्याचे कळवले जाईपर्यंत मागे घेता येतो. त्यामुळे कंपनीची स्वीकृती येण्यापूर्वीच लेखी माघार कळवावी. ती आली असली, तरी ठरलेल्या मुदतीत सेवा न देणे ही त्रुटी ठरते. तंत्रज्ञ घरी आल्यास जोडणी करून घेऊ नये आणि त्याच्या मोबाइलवरील किंवा कागदी नोंदीवर सही करू नये. ओटीपी तर मुळीच सांगू नये; अनेकदा त्या ओटीपीलाच ग्राहकाची स्वीकृती मानले जाते.

जोडणी होऊन थोडेच दिवस झाले : येथे विलंब सर्वाधिक घातक ठरतो. खोटेपणा लक्षात आल्यानंतरही सेवा महिनोन्महिने वापरत राहिल्यास ग्राहकाने ती परिस्थिती मान्य केली, असा अर्थ काढला जाऊ शकतो. म्हणून लक्षात येताच लेखी कळवावे आणि त्या दिवसापासून शक्यतो वापर थांबवावा. मिळालेला लाभ परत करण्याचे बंधन करार रद्द करणाऱ्यावरही असते. वापरलेल्या दिवसांचे प्रमाणशीर शुल्क वजा करण्यास तयारी दाखवली, तर मागणी न्याय्य दिसते. वरील उदाहरणातील ४,२४०.९२ रुपयांच्या, १८० दिवसांच्या योजनेत १० दिवस सेवा वापरली असल्यास हा वाटा सुमारे २३६ रुपये होतो. उरलेले सुमारे ४,००५ रुपये मागणे गैर नाही.

बराच काळ उलटला : आता करार मुळापासून रद्द झाल्याचा दावा कठीण होतो. सेवेतील त्रुटीबद्दल भरपाई, उरलेल्या मुदतीचे पैसे आणि अन्याय्य दंड रद्द करण्याची मागणी मात्र करता येते.

लेखी सूचना कशी असावी?

ग्राहक सेवा केंद्रावर केलेला दूरध्वनी आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. रद्द करण्याची सूचना कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवावी; रक्कम मोठी असल्यास नोंदणीकृत टपालानेही पाठवावी. मजकूर थोडका आणि निश्चित असावा. पुढील नमुना त्यासाठी उपयोगी पडेल :

‘दिनांक … रोजी आपल्या प्रतिनिधीने मला पुढील आश्वासने दिली : … . त्यांवर विसंबून मी ग्राहक क्रमांक … अन्वये जोडणी घेतली आणि … रुपये भरले. प्रत्यक्षात … असे आढळले. दिशाभूल करणाऱ्या निवेदनामुळे दिलेली माझी संमती मी मागे घेत असून जोडणी तत्काळ बंद करण्याची सूचना देत आहे. भरलेली रक्कम व अनामत परत करावी. आपले उपकरण परत देण्यास मी तयार आहे. ते कधी व कोण नेईल, हे लेखी कळवावे. दिनांक … रोजी … वाजता झालेल्या विक्री-संभाषणाचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे असल्यास ते जतन करावे.’

यातील अखेरचे वाक्य महत्त्वाचे आहे. ‘सेवेच्या गुणवत्तेसाठी हा कॉल ध्वनिमुद्रित होत आहे’ असे कंपन्या स्वतःच ऐकवतात. ते ध्वनिमुद्रण जपण्याची वेळेवर मागणी केली असेल, तर पुढे ग्राहक आयोगाला ते सादर करण्याचा आदेश देता येतो.

स्वयंचलित देयक आणि उपकरण

बँक खाते, कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे कापण्याची संमती दिली असल्यास ती स्वतंत्रपणे रद्द करावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्ड व यूपीआयवरील अशा आवर्ती देयकाची पूर्वसूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला द्यावी लागते आणि ग्राहकाला ती संमती मागे घेता येते. मात्र केवळ देयक थांबवणे म्हणजे सेवा बंद करणे नव्हे. महिनाअखेर बिल येणाऱ्या योजनेत लेखी सूचना न देता पैसे थांबवल्यास थकबाकी वाढत जाते आणि वसुलीचे दूरध्वनी सुरू होतात.

राउटर आणि फायबर मोडेम बहुधा कंपनीच्या मालकीचे असतात. ते परत देताना अनुक्रमांक नमूद असलेली पोचपावती घ्यावी आणि उपकरणांची छायाचित्रे काढून ठेवावीत. उपकरण न्यायला कोणी येत नसेल, तर तसे स्मरणपत्र पाठवावे. अन्यथा तेच कारण पुढे करून अनामत अडवली जाते. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या सेवा-गुणवत्ता नियमांत सेवा बंद करण्याची विनंती ७ दिवसांत अमलात आणण्याचे आणि अनामत ४५ दिवसांत परत करण्याचे मानक आहे.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. ट्रायच्या २०१२ मधील तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणे बंधनकारक आहे. हा क्रमांक नसलेली तक्रार पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

दुसरी पायरी त्याच कंपनीचे अपिलीय प्राधिकारी. तक्रार मुदतीत सुटली नाही किंवा निर्णय समाधानकारक वाटला नाही, तर तेथे विनाशुल्क अपील करता येते. अपिलासाठी ३० दिवसांची मुदत असून ते ३९ दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे.

तिसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. १९१५ या क्रमांकावर मराठीसह १७ भाषांत तक्रार नोंदवता येते. महाराष्ट्राबाहेर, इंदूर, बडोदे किंवा हैदराबादसारख्या शहरांत राहणाऱ्या मराठी भाषकांनाही ही सोय उपलब्ध आहे. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीपुढे मांडून तडजोडीचा प्रयत्न करते. दूरसंचार विभागाकडे केंद्र सरकारच्या लोकतक्रार पोर्टलद्वारेही दाद मागता येते. ट्राय मात्र वैयक्तिक तक्रारींवर निर्णय देत नाही. त्यामुळे तेथे अर्ज करून वाट पाहत बसू नये.

ग्राहक आयोगाचे दार

दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते की नाही, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. जुन्या तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीमुळे ग्राहक मंचांना अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ मधील एका निकालाच्या आधारे सांगितले जात असे. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया सेल्युलर विरुद्ध अजय कुमार अगरवाल या प्रकरणात ग्राहक मंचांचा अधिकार स्पष्टपणे मान्य केला. पुढे दूरसंचार कायदा, २०२३ मध्येही ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क अबाधित ठेवण्यात आला.

तक्रार ग्राहकाच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. कंपनीचे मुख्यालय कोठेही असले, तरी तेथे जाण्याची गरज नाही. भरलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील नेमणे सक्तीचे नाही. ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा, असे कायद्याला अपेक्षित असले, तरी प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, हे गृहीत धरावे.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कंपनीच्या करारातील अटच अन्याय्य आहे, उदाहरणार्थ मुदतपूर्व बंदीचा दंड नुकसानीच्या मानाने अवाजवी आहे, असे मुख्य म्हणणे असेल, तर ती तक्रार जिल्हा नव्हे, राज्य आयोगाच्या अधिकारात येते. तसेच व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या सेवेचा लाभार्थी कायद्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ नसतो. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली जोडणी मात्र या अपवादात येत नाही. त्यामुळे घरी शिकवणी घेणारी शिक्षिका किंवा एकट्याने झेरॉक्सचे दुकान चालवणारा दुकानदार आयोगाकडे जाऊ शकतो.

होकार देण्यापूर्वी

ही सर्व खटाटोप टाळण्याचा मार्ग सोपा आहे : पैसे देण्यापूर्वी आश्वासन लेखी मागावे. विक्री प्रतिनिधीला ‘करासह एकूण रक्कम, डेटा-मर्यादा, त्यानंतरचा वेग, किमान मुदत, मुदतपूर्व बंदीचे शुल्क आणि अनामत, एवढे संदेशाने पाठवा’ असे सांगावे. जो हे लिहून देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्या तोंडी शब्दावर आगाऊ रक्कम देऊ नये. पहिल्यांदा शक्यतो एका महिन्याचीच योजना घ्यावी. वर्षभराच्या योजनेतील सवलत सेवा पारखून झाल्यावरही घेता येते. रोख रक्कम दिल्यास पावती घ्यावी आणि तीवर स्थानिक केबलचालकाचे नाव आहे की परवानाधारक कंपनीचे, हे पाहावे. अर्जाची प्रत, जाहिरातीचे पत्रक, संदेश आणि देयके एकत्र जपून ठेवावीत. जोडणी रद्द करण्याची वेळ आलीच, तर ग्राहकाची बाजू याच कागदांवर उभी राहते.